दोन आळ्यांमधून फिरणारा आवाज

दयारामची मान फिरली, तिथून सगळं सुरू झालं.

वैशाखातली गोष्ट. थेरोंड्याला हळद होती आणि मांडवात निकेशची बेंजो पार्टी वाजत होती. दयाराम पाहुणा म्हणून गेला होता आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर सरबताचा पेला धरून बसला होता. 'सागरतारा बेंजो पार्टी, रेवदंडा' या पार्टीचा तो मालक, तोच कीबोर्डवाला, आणि फलकावरच्या फोटोत मधोमध गॉगल लावून उभा असलेला माणूसही तोच. दुसऱ्याची पार्टी वाजताना ऐकायची वेळ आली की दयाराम दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागल्यासारखा चेहरा करून बसत असे. त्या संध्याकाळीही तसाच बसला होता. तेवढ्यात निकेशने एक लांब सूर धरला. तो सूर मांडवाच्या डाव्या टोकाला उगवला, बायांच्या अंबाड्यांवरून सरकत सरकत उजव्या टोकाला गेला, तिथे जरा टेकला आणि आला तसा परत गेला. मांडवातल्या चारशे माना त्याच्याबरोबर गेल्या आणि त्याच्याबरोबर परत आल्या. चारशेएकावी मान दयारामची होती.

लोकांच्या मानांबद्दल त्याची तक्रार नव्हती. लोक कशालाही वळतात. आपली मान आपल्याला न विचारता गेली, हे त्याला लागलं.

"काय बाय आवाज!" शेजारी बसलेली त्याची बायको केसर म्हणाली. "डोक्यावरनं बगळा उडत गेल्यागत झालं."

"पंख्याचा वारा असल."

"पंखा बंद हाय," केसर म्हणाली.

आता हा निकेश परका असता तर दयारामने त्याला मोकळेपणाने नावं ठेवली असती. पण निकेश नऊ वर्षं त्याच्याच पार्टीत होता. वायरी गुंडाळण्यापासून सुरुवात करून दुसऱ्या कीबोर्डपर्यंत आला. पोरगा सरळ आहे असं सांगून केसरच्या धाकट्या बहिणीशी, भाविकाशी, त्याचं लग्न दयारामनेच जमवून दिलं. म्हणजे शिष्य होता त्याचा साडू झाला. दोन वर्षांपूर्वी या साडूने पेढे देऊन, पाया पडून, थेरोंड्यात स्वतःची पार्टी काढली. पाया पडून गेलेल्या माणसाचं काय करायचं, हे दयारामला अजून सुचलं नव्हतं.

आषाढात विठोबा पाटील घरी आले. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्याचा सोनेरी कागदाने मढवलेला नारळ वाजतगाजत बंदरावर जातो. ती मिरवणूक विठोबा पाटलांच्या हाताखाली आणि तिच्यापुढचा वाद्यांचा टेम्पो एकोणीस वर्षं दयारामच्या हाताखाली. हळदी पुष्कळ असतात, पण पौर्णिमेचा टेम्पो एकच. ज्याचा टेम्पो तो रेवदंड्यातला पहिला, बाकीचे पुढे जे काही असतील ते असोत.

पाटलांनी चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "दया, लोकं बोलतात."

"काय बोलतात?"

"निकेशचा आवाज फिरतो. तुझा एका जागी बसतो."

"एकोणीस वर्षं बसलाच हाय. कोणाला चावला काय?"

"चावला न्हाय. पण बायांचं म्हणणं, यंदा सुपारी निकेशला द्या. मी बोल्लो, पयला दयाला विचारतो. फिरवशील काय तू?"

"फिरवतो की," दयाराम म्हणाला. अंगणातली खाट या अंगाची त्या अंगाला करायची असावी, अशा आवाजात म्हणाला. कसा फिरवायचा याची त्याला काहीही कल्पना नव्हती.

निकेशला विचारणं हा सरळ मार्ग होता, म्हणून तो बंद होता. दयारामने अलिबागहून जुना लॅपटॉप आणला. त्याच्यात एकाने सिंथ भरून दिला. सिंथ म्हणजे पडद्यावर दिसणारं वाद्य. कीबोर्ड आपलाच, पण आवाज लॅपटॉपच्या पोटातून येतो आणि पडद्यावरच्या दीडएकशे गोल खुंट्या फिरवून तो हवा तसा करता येतो. तीन दुपारी दयारामने त्या दीडएकशे खुंट्या एकेक करून फिरवल्या. आवाज डावीकडे गेला नाही, उजवीकडे गेला नाही. तो वर चढला, खाली घसरला आणि ताडी पिऊन बांधावरून चालणाऱ्या माणसासारखा झाला.

"कोणाला उलटी होते काय?" केसरने स्वयंपाकघरातून विचारलं.

तिसऱ्या दुपारी निकेशचा फोन आला. "दादूस, लॅपटॉप घेतलास असं कळलं. बेस केलंस. काय अडलं तर सांग हां, मी हायच."

"न्हाय अडलं," दयाराम म्हणाला. त्या दिवशी बोंबील ताटात तसेच राहिले.

मग तो चौलला गेला. त्याला सातवीत दोनदा बसवणाऱ्या देवव्रत गुरुजींची नात क्षिप्रा मुंबईत जाहिरातींचं संगीत करायची आणि अलीकडे चौलच्या वाडीतूनच काम करायची. पोफळींच्या सावलीतल्या एका खोलीत तिची यंत्रं होती आणि बाहेरच्या झोपाळ्यावर गुरुजी सुपाऱ्या सोलत बसलेले होते. दयारामने लॅपटॉप मांडीवरच्या बाळासारखा तिच्यापुढे धरला आणि सांगितलं, "आवाज फिरवायचा हाय. या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि कोणाला सांगायचं न्हाय."

"सोपं आहे, काका," क्षिप्रा म्हणाली. "ही खुंटी बघा, पॅन. डावीकडे वळवली की आवाज डाव्या स्पीकरमधून, उजवीकडे वळवली की उजव्यातून. मधे ठेवली की दोन्हींतून सारखा."

"म्हणजे वाजवता वाजवता मी ही फिरवत बसू?"

"तुम्ही नाही फिरवायची. हा फिरवेल. याला एलएफओ म्हणतात. ही एक लाट आहे, पण इतकी हळू की कानाला ऐकूच येत नाही. ती स्वतः वाजत नाही, दुसऱ्याला हलवते."

"म्हणजे विठोबा पाटील," दयाराम म्हणाला.

"कोण विठोबा पाटील?"

"हायत एक. स्वतः नाचत न्हाईत. बोट हलवतात, गाव नाचतो. पुढं बोल."

क्षिप्राने लाटेच्या चौकटीवर माऊस ठेवला, तिथून ओढत पॅनच्या खुंटीवर आणून सोडला. खुंटीभोवती हिरवी कड उमटली. तिने दयारामच्या कानांवर हेडफोन चढवले आणि एक सूर दाबला. सूर डाव्या कानात उगवला, कवटीच्या आतल्या अंगाने चालत उजव्या कानात गेला. दयारामची मान परत एकदा त्याला न विचारता गेली. पण या वेळी त्याने तिला जाऊ दिलं, कारण आवाज आपला होता.

"मधल्या जागेपासून दोन्हीकडे सारखा जायला हवा, म्हणून हे बटण दाबलं," क्षिप्रा सांगत होती. "नाहीतर एकाच बाजूला जाऊन मधेच परत येतो. आणि लाट गाण्याच्या ठेक्याला बांधली, म्हणजे ताल वाढवला तरी फेरा चुकणार नाही. किती जायला हवा तेवढं इथे ठरवायचं. मी चाळीस टक्के ठेवलंय. छान वाटतं."

"निकेशचं किती असल?"

"कोणाचं?"

"असाच एक वळखीचा."

"मला काय माहीत? तीस-चाळीस असेल. जास्त कोणी ठेवत नाही."

"मग शंभर ठेव."

"शंभरला आवाज पूर्णच एका बाजूला जातो, काका. दुसऱ्या बाजूला काहीच उरत नाही."

"ठेव गो तू."

बाहेरून गुरुजींचा आवाज आला, "क्षिप्रा, दे त्याला शंभर. सातवीत पस्तीससुद्धा पडले नव्हते."

शंभर झाले. मग क्षिप्राने लाटेचे आकार दाखवले. गोल लाट ठेवली की आवाज वाहत जातो, चौकोनी ठेवली की थेट उडी मारतो. दयारामने विचार केला. निकेशचा आवाज वाहत होता. "माझा उडी मारल," तो म्हणाला. मग प्रश्न आला, एका बाजूला किती वेळ थांबायचं. क्षिप्रा म्हणाली, दोन-चार ठोके. दयाराम म्हणाला, बत्तीस. फिरला कधी आणि आला कधी हे लोकांना कळलंच नाही, तर फिरवून फायदा काय?

क्षिप्राने माऊसवरचा हात काढला. "काका, तुम्ही हे वाजवणार कुठे?"

दयाराम सावध झाला. चौल ते थेरोंडा रिक्षाने किती वेळ लागतो? आज बोललेली गोष्ट उद्या निकेशच्या कानावर, आणि परवा निकेश पाटलांच्या ओटीवर. "हळदीला," तो म्हणाला. "मांडवात."

"म्हणजे लोकांच्या समोर, दोन टोकांना दोन स्पीकर?"

"तसंच."

"मग चालेल," क्षिप्रा म्हणाली. "तरी मी चाळीसच ठेवलं असतं."

पौर्णिमेला दुपारी तीन वाजता पावसाने उघडीप दिली आणि टेम्पो निघाला. मिरवणुकीच्या टेम्पोवर स्पीकर कसे बांधतात, हे दयारामला झोपेत उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मांडवात दोन्ही स्पीकर लोकांकडे तोंड करून असतात. टेम्पोवर ते पाठीला पाठ लावून असतात, एकाचं तोंड रस्त्याच्या डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे. कारण कोळीवाड्यात दोन आळ्या, वरची आणि खालची. नारळापुढे कुठल्या आळीने चालायचं यावरून पूर्वी इतकी भांडणं व्हायची की एका वर्षी नारळ दुसऱ्या दिवशी पोचला. तेव्हा म्हाताऱ्यांनी ठरवून दिलं, पुढे कोणीच नाही, मधे टेम्पो, वरच्या आळीने डावीकडून नाचायचं, खालच्या आळीने उजवीकडून. म्हणून एक स्पीकर वरच्या आळीचा, एक खालच्या आळीचा. एकोणीस वर्षं दयारामने स्वतःच्या हाताने त्यांचे दोर आवळले होते. त्याही दिवशी आवळले. पण तीन महिने त्याच्या डोळ्यांपुढे निकेशचा मांडवच होता. हाताने दोर आवळले आणि डोक्याला कळवलं नाही.

टेम्पोच्या हौद्यात, बरोबर मधोमध, प्लास्टिक घातलेल्या लॅपटॉपमागे तो उभा राहिला. ढोलकी आणि ताशे सुरू झाले. दयारामने पहिला सूर धरला.

मधोमध उभं राहून ऐकलं तर त्या आवाजाला तोड नव्हती. बत्तीस ठोके डाव्या कानात, मग फाटकन उजव्यात, बत्तीस ठोके तिथे, मग परत. दयारामने गॉगलमागे डोळे मिटले. थोड्या वेळाने लोकांचं कसं काय चाललंय ते बघायला उघडले, आणि त्याचं मन भरून आलं. माना फिरत होत्या. डावीकडच्या बाया उजवीकडे बघत होत्या, उजवीकडच्या डावीकडे. निकेशच्या मांडवात चारशे फिरल्या होत्या, इथे हजारभर तरी असतील. गर्दीत निकेशही होता. भाविकाला घेऊन सण बघायला आला होता आणि टेम्पोच्या मागून चालत होता. त्याची मानसुद्धा फिरत होती. 'फिरव, पोरा,' दयाराम मनात म्हणाला. 'फिरव.'

त्या माना कशासाठी फिरतायत, हे त्याला चौकात कळलं. टेम्पो थांबला. पुढे कोणीतरी हात आडवा धरला होता.

"दयाराम!" वरच्या आळीची कल्पिता कमरेला पदर खोचून उभी होती. "आमच्याकडचा आवाज मधीच जातो कुठं?"

"तुमच्याकडचा?" उजवीकडून ठमाबाई ओरडली. सत्तरीची बाई, पण आवाजाला स्पीकर लागत नव्हता. "आमी इथं नुसत्या ताशावर पाय आपटतो हाव! गाणं सगलं तुमी खाल्लं!"

"आमी खाल्लं? मगाशी तुमच्याकडं वाजलं तवा आमी काय केलं? उभ्याच होताव, भाजीच्या लायनीत उभ्या असाव तशा!"

"तुमाला जास्त येल मिलतो. मी मोजलंय."

"मोज, मोज. खालची आळी त्याची सासुरवाडी हाय, आमाला काय म्हायती न्हाय काय?"

हे ऐकल्यावर खालच्या आळीत उभी असलेली केसर पुढे आली, आणि सासुरवाडीला मिळालेल्या आवाजात आपल्या वाट्याला काहीच आलेलं नाही असं तिने सगळ्यांना ऐकवलं. पुरुष मंडळी आतापर्यंत हसत होती, तीही बाह्या सावरू लागली. नारळाचं ताट घेतलेला अंबाजी तात्या दोन्ही बाजूंनी ढकलला जात होता. दिवस मावळायच्या आत नारळ पाण्यात पडायला हवा होता आणि बंदर अजून दोन वळणं लांब होतं.

दयाराम एका बाजूच्या स्पीकरच्या पाठीकडे बघत होता, मग दुसऱ्याच्या पाठीकडे. आता त्याच्या डोक्याला कळलं.

तेवढ्यात टेम्पोच्या फळीवर पाय देऊन निकेश वर आला. त्याने पडद्यावर एक नजर टाकली. "अरे दादूस! शंभर? आणि चौकोनी?" तो हळू आवाजात म्हणाला. "अरे, हे मांडवासाठी असतं. टेम्पोवर पॅन मधी ठेवायची, दोन्हीकडं सारखा आवाज. बाजू हो, मी काढतो. एक बटण हाय."

त्याने हात पुढे केला. चौकातली सगळी माणसं वर बघत होती, पाटीलसुद्धा. दयारामने तो हात बघितला. नऊ वर्षं वायरी गुंडाळणारा हात. तो आता लॅपटॉपला लागणार, एक बटण दाबणार, आवाज दोन्हीकडे सारखा होणार, आणि गाव म्हणणार की दयाला जमलं नाही, निकेशने करून दिलं. तिथे पौर्णिमेचा टेम्पो संपला. पुढच्या वर्षी हौद्यात मधोमध गॉगल लावून कोण उभं असेल, ते त्याला स्पष्ट दिसलं. गॉगल निकेशला शोभलाही असता, हे जास्त वाईट होतं.

त्याने निकेशचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने माईक उचलला.

"मंडळी," तो म्हणाला, "हे मुद्दाम केलंय."

निकेशने हात सोडवायचं सोडून त्याच्याकडे बघितलं.

"बत्तीस ठोके वरच्या आळीला, बत्तीस खालच्या आळीला. ठोका एकही कमी न्हाय, जास्त न्हाय, मशीन मोजतं. एकोणीस वर्षं दोनी आळ्या एकदम नाचतात, त्याच्यात कोण चांगलं नाचतं ते सागरदेवाला दिसणार कसं? यंदा पाळीपाळीनं. तुमच्याकडं आवाज असल तवा तुमी नाचा, त्यांनी बघायचं. त्यांच्याकडं असल तवा तुमी बघा. मग सांगा कोण भारी ते."

वरच्या आळीने खालच्या आळीकडे बघितलं, खालच्या आळीने वरच्या आळीकडे. मग ठमाबाईने हातातली पिशवी दुसऱ्या कोणाच्या तरी हातात कोंबली.

"लाव रं," ती म्हणाली.

त्यानंतर बंदरापर्यंत जे झालं, तसं रेवदंड्याने त्याआधी बघितलेलं नव्हतं. आवाज डावीकडे आला की वरची आळी अशी नाचायची, जणू पुढचे बत्तीस ठोके जन्मात परत मिळणार नाहीत. उजवीकडे गेला की खालची आळी वरच्या आळीचंच पाऊल उचलायची आणि त्यात एक गिरकी घालून परत करायची. आपली पाळी नसताना सगळ्या कमरेवर हात ठेवून, ओठ मुडपून, दुसऱ्यांच्या पायांत चूक शोधत उभ्या. नवऱ्यांनी शिट्ट्या वाजवल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली कल्पिताची सासू नाचली. सूर्य पाण्याला टेकायच्या आधी पुरेसा वेळ ठेवून नारळ बंदरावर पोचला, तोही घामाघूम अंबाजी तात्यासकट.

निकेश हौद्यातून उतरला नव्हता. वळणावर तो दयारामच्या कानाशी येऊन म्हणाला, "दादूस, खरं सांग. हे तुना आधीपासून सुचलेलं?"

"मग काय आता सुचलं?"

निकेशने परत एकदा पडद्यावरचे आकडे बघितले. "मना न्हाय सुचलं कधी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काहीतरी खरखरत होतं. दयारामने ते लगेच ओळखलं, कारण वैशाखापासून ते त्याच्या स्वतःच्या घशात होतं. उभ्या आयुष्यात कुठल्या गाण्याने त्याला इतका आनंद दिला नसेल.

नारळ पाण्यात गेला, होड्यांवर गुलाल उडाला, आणि मग वाळूवर दोन्ही आळ्या विठोबा पाटलांभोवती जमल्या. कोण भारी? पाटील हुशार. त्यांनी दयारामकडे बोट केलं. "त्यानं लावली चढाओढ, तोच सांगल."

दयाराम वाळूत उभा. डावीकडे कल्पिता, उजवीकडे ठमाबाई, तिच्या मागे केसर, आणि तिची नजर चांगली नव्हती. वरची आळी म्हणावी तर घरी जायचंय. खालची म्हणावी तर सासुरवाडी. "दोनी सारख्याच," तो म्हणाला.

एवढं वाईट उत्तर त्या वाळूवर कोणी दिलं नव्हतं. दोन्ही आळ्या पहिल्यांदाच एक झाल्या आणि त्याच्यावर ओरडल्या. पाटलांनी सगळ्यांना दमेपर्यंत ओरडू दिलं. मग हात वर केला.

"आता माझं ऐका. पाळीपाळीनं भागत न्हाय, हे कळलं. पुढच्या पुनवेला दोन टेम्पो. प्रत्येक आळीला आपला आपला, आवाज पुरा. एक दयाचा, एक निकेशचा. खालच्या आळीला दया, वरच्या आळीला निकेश. सगल्यांनी बघू द्या कोण भारी ते."

टाळ्या पडल्या. निकेश वाळूतच वाकला आणि दयारामच्या पाया पडला. या माणसाची ती सवय जायची नव्हती.

लोक पांगले. केसर चपला हातात घेऊन त्याच्याशेजारी चालू लागली. तिचा राग उतरला होता. "अर्धी सुपारी तरी राहिली," ती म्हणाली. "मना वाटलं व्हतं, सगलीच जाते."

दयाराम चालता चालता थांबला. "वरच्या आळीत बाया किती असतील गो?"

"मी मोजल्यात काय?"

"खालच्या आळीपेक्षा जास्त असतील न्हाय? घरं जास्त हायत. आणि ती कल्पिता पण तिकडंच."

"चल, भूक लागली," केसर म्हणाली आणि पुढे गेली. दयाराम वाळूत तसाच उभा राहिला. वरच्या आळीच्या बाया गाणं म्हणत घरी निघाल्या होत्या. तो बोटाने एकेकीला मोजू लागला. त्रेसष्टपर्यंत आला तेव्हा त्याला दिसलं, थोडं पलीकडे निकेशही उभा होता आणि खालच्या आळीकडे बोट करून तेच करत होता.